दोघांची फी

हुकाला अडकवलेली चावी लगेच स्थिर होत नाही. जिला जड पितळी बिल्ला असतो ती संथपणे, बराच वेळ झुलत राहते. जिला नुसती तारेची कडी असते ती जराशी थरथरते आणि गप्प होते. सुहासिनीने फोन कानाशी धरूनच भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. चौदा नंबरच्या बसची चावी अजून झुलत होती. म्हणजे त्या बसचे ड्रायव्हर रंगराव आत्ताच येऊन गेले, आणि ती फोनवर आहे असं पाहून काही न बोलता बाहेर पडले.

फोनवर खराडीच्या एक आई होत्या. बस सकाळी त्यांच्या इमारतीसमोर थांबत नाही, चार पावलं अलीकडे थांबते, अशी त्यांची तक्रार होती. सुहासिनीने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, ड्रायव्हरशी बोलते म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवून खिडकीतून हाक मारली.

"रंगराव, गाडी रिकामी?"

"रिकामी हाय की, मॅडम."

"शेवटच्या सीटपर्यंत कोण गेलं होतं?"

बसमध्ये मुलांबरोबर असणाऱ्या कांताबाई आज रजेवर होत्या. रंगरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आत येऊन चावी उचलली आणि मैदानाकडे परत निघाले. सुहासिनी खिडकीतून पाहत राहिली. पिवळ्या बसच्या एकेका खिडकीतून त्यांचं डोकं मागे मागे सरकत गेलं, शेवटाला वाकून दिसेनासं झालं आणि पुन्हा वर आलं.

"एक बाटली घावली," परत येऊन ते म्हणाले. "पोरगं न्हाई."

"बाटलीचं मी विचारलंच नव्हतं," सुहासिनी म्हणाली आणि फळ्यावर चौदासमोर खूण केली.

रंगराव हसले. मॅडमचं बोलणं असंच, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. लहान मुलं परतीच्या वाटेवर पेंगतात, झोपेत सीटवरून खाली घसरतात, आणि पुढून पाहणाऱ्याला बस रिकामी दिसते. म्हणून कोणीतरी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, वाकून पाहायचं आणि ते समोर येऊन सांगायचं, हा नियम तिनेच घातलेला. शेवटच्या बसचं उत्तर मिळेपर्यंत ती घरी जात नसे.

हे काम तिला आवडत नव्हतं. वाघोलीच्या या शाळेत रुजू झाली त्या दिवशी आवडलं नव्हतं आणि पुढे बारा वर्षांत त्यात काही फरक पडला नव्हता. दिवसभर फोन, उशीर, थांबे, रागावलेले वडील, घाबरलेल्या आया, बंद पडलेले एसी. पण न आवडणारं काम वाईट करावं, असं तिला एकदाही वाटलं नाही. वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला असताना ती जितक्या काटेकोरपणे निरीक्षणं करायची, तितक्याच काटेकोरपणे नगर रस्त्यावरचा कुठला चौक कधी तुंबतो ते पाहायची. तिच्या हाताखालची एकही बस कधी मूल विसरून आली नव्हती. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती कोणाला बोलून दाखवत नसे.

फोन पुन्हा वाजला.

"ट्रान्सपोर्ट, बोला."

घरी फोन घेतानाही तिच्या तोंडून हेच निघे. त्यावर हसून हसून मुलंही आता कंटाळली होती.

"बोलते," पलीकडून आवाज आला, "पण माझी बस चुकलेली नाही."

मंदाकिनी. मंदाताई. लग्नानंतर सुहासिनी लोणी काळभोरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती, तेव्हा मंदाताई तिथे तिच्या वरिष्ठ होत्या. केळीच्या कोंबाचा लहानसा तुकडा घ्यायचा, जंतू शिरणार नाहीत अशा बेताने कापायचा आणि काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या अन्नावर वाढवायचा. एका कोंबातून अशी शेकडो रोपं करायची, हे तिथलं काम. त्या कामातली शांतता सुहासिनीला फार प्रिय होती. आता मंदाताईंनी त्याच गावात स्वतःची प्रयोगशाळा काढली होती, आणि दर एप्रिलला त्या फोन करून 'कधी येतेस' एवढंच विचारत. मुलांची शाळा होऊ दे, एवढंच सुहासिनी सांगे.

या वेळी मंदाताईंनी सूर बदलला होता. कोंब कापायची खोली सांभाळायला त्यांना जूनपासून माणूस हवंच होतं.

"तू नाही आलीस तर दुसरं घेईन," त्या म्हणाल्या. "राग नाही. पण पुढच्या वर्षी विचारणारही नाही. आधी एकदा येऊन बसून तर बघ. हात राहिलाय का, ते मलाही कळेल नि तुलाही."

सुहासिनीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांना फळ्यावरच्या मार्करची निळी शाई लागली होती.

"रविवारी येते," ती म्हणाली.

ही नोकरी तिने का धरली, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे.

तिची मुलगी राजनंदिनी तेव्हा चौथीत होती, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या साध्या शाळेत. धाकटा वरद अजून घरातच खेळत होता. सुहासिनीचे सासरे आप्पासाहेब वाघोली नुसतं गाव होतं तेव्हाचे शेतकरी. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि त्यातल्याच एका इमारतीत सगळं कुटुंब वरखाली राहत होतं. एका संध्याकाळी जेवताना आप्पासाहेबांनी जाहीर केलं की वरदला मोठ्या इंग्रजी शाळेत घालायचं आणि त्याची बारावीपर्यंतची फी ते भरणार.

"आणि नंदिनीची?" सुहासिनीने विचारलं होतं.

"पोरीचं काय, ती हाय तिथं बरी हाय की."

ते दुष्टपणाने म्हणाले नव्हते. जरा पंखा वाढवा म्हणावं, इतक्या सहज म्हणाले होते. भरायची तर दोघांची भरा, नाहीतर एकाचीही नको, असं ती म्हणाली तेव्हा आप्पासाहेब मोठ्याने हसले होते आणि तिचा नवरा पृथ्वीराज ताटातल्या भाताकडे पाहत राहिला होता.

पुढच्याच महिन्यात ती त्या मोठ्या शाळेच्या कचेरीत उभी होती. प्रयोगशाळेत जागा नव्हती. बीएड नसल्यामुळे शिकवायला घेता येत नव्हतं. जागा होती ती बसच्या खिडकीवर. स्टाफच्या दोन मुलांना फी माफ असते, हे तिने समोरच्या बाईंकडून दोनदा वदवून घेतलं आणि तिथल्या तिथे होकार दिला. घरी सांगितलं ते नंतर.

"सातवांची सून आता गाड्या मोजणार?" आप्पासाहेब म्हणाले होते.

"गाड्या नाही, आप्पा. मुलं मोजणार," तिने उत्तर दिलं होतं.

शाळेत स्टाफच्या मुलांना एक रीत पाळावी लागे. फाटकाच्या आत आई ही आई नसते, मॅडम असते. दोघं सकाळी तिच्याबरोबर पहिल्या बसने येत आणि संध्याकाळी शेवटची बस रिकामी झाल्यावर तिच्याबरोबर परत जात. मधला सगळा दिवस ती त्यांच्यासाठी खिडकीमागच्या एक मॅडम. पाचवीत असताना नंदिनी एकदा लाल डोळ्यांनी खिडकीशी आली होती आणि म्हणाली होती, "मॅडम, मला ताप आहे." सुहासिनीने तिला वर्गशिक्षिकांकडे पाठवलं, कारण दुसऱ्या कोणाच्या मुलीला तिने तेच सांगितलं असतं. नंदिनी वळून गेली. रुसली नाही, रडली नाही. ताठ पाठीने कॉरिडॉर संपेपर्यंत चालत गेली. त्या पाठीकडे पाहताना सुहासिनीला मुलीचा जितका अभिमान वाटला तितका पुढे बक्षिसांच्या वेळीही वाटला नाही.

वरदने त्या रीतीचा विनोद केला. घरी जेवायला बसला की तो म्हणे, "मॅडम, ही पोळी माझ्या स्टॉपला थांबलीच नाही."

आता नंदिनी संख्याशास्त्र शिकून खराडीच्या एका कंपनीत लागली होती. वरदची दहावीची परीक्षा झाली होती. अकरावी-बारावी त्याच शाळेत होती, आणि आई नोकरीत असेतोवर फी माफच होती. सुट्टी लागायच्या आधी, शनिवारपर्यंत प्राचार्यांना नोकरीत राहण्याचा होकार कळवायचा होता. आणखी दोन वर्षं. सुहासिनी तेवढी काढेलच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती स्वतःही.

रविवारी नंदिनीने गाडी काढली. मला पाहायचंय, एवढंच ती म्हणाली. वरदला थेऊरला मिसळ मिळेल असं आमिष दाखवावं लागलं. केसनंद मागे पडलं तशा इमारती विरळ झाल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला.

मंदाताई दारातच उभ्या होत्या. केस पिकले होते, बाकी सगळं तसंच. त्यांनी मुलांना काचेच्या बाहेर बाकावर बसवलं आणि सुहासिनीला आत नेलं. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पांढरा कोट. एकामागून एक सगळं तिच्या हातांना आपोआप आठवत गेलं. ती जंतू गाळून काढलेली हवा सोडणाऱ्या टेबलाशी बसली. हवेचा बारीक, अखंड घूं असा आवाज कानाशी आला आणि तिचे खांदे खाली उतरले.

चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा, ज्योतीवर धरायचा, निववायचा. कोंब उचलायचा, काळसर कड छाटायची, दुभागायचा. बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवायचं, तुकडा आत ठेवायचा, झाकण. पहिल्या काही बाटल्यांना हात अडखळला. मग सरावला. आपण पुढच्या ओळीतल्या बाटल्यांची झाकणं आधीच उघडून ठेवतोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही. ही तिची जुनी खोड होती, आणि मंदाताई मास्कच्या आड हसल्या.

दुसरा ट्रे निम्मा झाला असेल. बाहेरच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजला. सुहासिनीचा उजवा हात चिमटा टाकून उठला आणि उघड्या बाटल्यांच्या ओळीवरून थेट पलीकडे, जिथे तिच्या खिडकीत फोन असतो तिथे गेला. तिथे काही नव्हतं. हात हवेत राहिला. तिने तो सावकाश मागे घेतला, पुन्हा स्पिरिटने पुसला आणि उरलेला ट्रे पुरा केला. बाटल्यांवर तारीख घालून मंदाताईंनी दोन्ही ट्रे वाढीच्या खोलीत, दिव्यांखाली नेऊन ठेवले.

"जंतू शिरले असतील तर पाच-सहा दिवसांत दिसतील," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी ये."

सुहासिनीने मान वळवली. काचेपलीकडे वरद उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या श्वासाने काचेवर एक धुरकट गोल झाला होता.

परतताना तो मागच्या सीटवर नेहमीपेक्षा गप्प होता. थेऊर आलं, मिसळ झाली, थेऊर गेलं.

"तू आत बोलतच नव्हतीस," शेवटी तो म्हणाला.

"आत बोलत नाहीत. थुंकीतून जंतू जातात."

"तसं नाही. तू शाळेत सारखी बोलत असतेस. मला वाटायचं तू तशीच आहेस." तो पुढच्या सीटवर रेलला. "मी अकरावीला दुसरीकडे जाऊ शकतो. हडपसरला जाईन. तिथे फी कमी आहे."

नंदिनीने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"तुला जायचंय?" सुहासिनीने विचारलं.

"मला जायचंय का, हा प्रश्नच नाहीये."

"तोच प्रश्न आहे."

शाळेच्या बास्केटबॉलच्या संघाचा वरद पुढच्या वर्षी कप्तान होणार होता, आणि तिथल्या भौतिकशास्त्राच्या सरांबद्दल तो जेवताना इतकं बोलायचा की भाजीत मीठ कमी आहे हेही त्याला कळत नसे. सुहासिनीला हे सगळं माहीत होतं.

"मग जायचं नाही," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. मी हे कोणी परत द्यावं म्हणून केलेलं नाही."

तिने तळहात नाकाशी नेला. साबणाने धुऊनही स्पिरिटचा वास गेला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी आप्पासाहेब जिना चढून वर आले. लिफ्ट होती, पण चालू लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता आणि बंद लिफ्टवर रागच होता. ते दम खात खुर्चीवर बसले. सुहासिनीने चहा ठेवला.

"लोणीला जाती म्हणं तू," ते म्हणाले.

"अजून ठरलं नाही, आप्पा."

"ठरव की मग. पोराची दोन वर्सांची फी मी भरतो. तवा न्हाई म्हणालीस, ऱ्हायलं. आता म्हातारा झालो मी. आता तरी ऐक."

सुहासिनी गाळणं हातात धरून उभी राहिली. बोलण्यात काही खोट नव्हती. प्रेमच होतं, आणि सोय तर होतीच. हो म्हटलं की झालं. चहा उतू जायला आला तेव्हा तिने गॅस बंद केला. हो न म्हणताच चहा कपात गाळून त्यांच्यापुढे ठेवला.

नंदिनी तेवढ्यात ऑफिसातून आली होती. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून ती दाराशी उभी होती.

"आप्पा, वरदची फी मी भरणार आहे," ती म्हणाली.

"तू?"

"मला पगार मिळतो."

"तू कशाला? आजा जिता हाय अजून."

"आहात ना. म्हणूनच तुमच्यासमोर सांगतेय. मागाहून कोणी म्हणायला नको, विचारलं नाही म्हणून."

आप्पासाहेबांनी नातीकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला आणि ती नीट असतानाही त्यांनी ती नीट केली.

"मग मी काय भरू?" ते म्हणाले.

"तुम्ही चहा घ्या. गार होतोय."

ते चहा प्यायले. कपात थोडाही ठेवला नाही. जिना उतरताना नंदिनी त्यांच्याबरोबर गेली, आणि परत आल्यावर सरळ स्वयंपाकघरात येऊन तिने काकडी चोचवायला घेतली.

"हे माझ्यासाठी करत असशील तर नको," सुहासिनी म्हणाली.

"तुझ्यासाठी नाहीच. वरद माझा भाऊ आहे. तू मध्ये येऊ नकोस."

"नंदिनी."

"खरंच सांगतेय. त्याला ती शाळा आवडते, मला परवडतं, संपलं." तिने दुसरी काकडी घेतली. "तू तिथे राहायचं की जायचं, ते तुझं तू बघ. फक्त आता वरदचं नाव पुढे करू नकोस. आणि माझंही नको."

सुहासिनीने मुलीकडे पाहिलं. काकडी एकसारखी, बारीक पडत होती. बारा वर्षं तिच्यापाशी एक भक्कम कारण होतं. मंदाताईंना सांगायला होतं, पृथ्वीराजला होतं, रात्री जाग आली तर स्वतःलाही होतं. मुलीने ते फळीवरचा रिकामा डबा उचलावा तसं उचलून बाजूला ठेवलं होतं. मागे उरली होती ती रविवारी हवेत राहिलेल्या हाताची भीती, आणि ती मुलांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर काढायला खाली आली तेव्हा आप्पासाहेब फाटकाशी वॉचमनला काहीतरी सांगत होते.

"बँकेच्या सायबावानी बोलली माझ्याशी," ते म्हणत होते. "नोटीसच दिली म्हण की. भावाची फी म्हणं मी भरनार. आमची नात."

वॉचमन मान डोलावत होता. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की हे तो पहिल्यांदा ऐकत नसावा. सुहासिनी जवळून गेली तसे आप्पासाहेब थांबले, तिच्याकडे पाहून खाकरले, आणि ती गेटबाहेर पडायची वाट न पाहता दूधवाल्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

शुक्रवारी शेवटची बस रिकामी झाल्यावर ती एकटीच लोणीला गेली. मंदाताईंनी ट्रे आणून पांढऱ्या दिव्याखाली टेबलावर ठेवले आणि त्या बाजूला झाल्या. पहिल्या ट्रेतल्या बाटल्या सुहासिनीने एकेक करून उजेडाकडे धरल्या. जेली नितळ होती. तुकड्यांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी फूग धरली होती. पहिल्या, हात अडखळला होता त्या बाटल्यासुद्धा स्वच्छ निघाल्या.

दुसऱ्या ट्रेत एक ओळ गढूळ होती. तुकड्यांभोवती दुधासारखा पांढुरका पसारा, एकात तर बुरशीचा करडा कापूस. ओळीच्या अलीकडे स्वच्छ, पलीकडेही स्वच्छ. जणू कोणी पट्टी ठेवून रेघ ओढली होती.

"ही एकच ओळ कशी गेली?" मंदाताईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"फोन वाजला होता."

"इथे फोन आत आणायचा नसतो."

"माझा बाहेरच होता. दुसऱ्याचा वाजला."

मंदाताई हसायला लागल्या आणि मग सुहासिनीही हसली. हसता हसता तिने ट्रे पुन्हा जवळ ओढला. हात गेलेला नव्हता. हात जिथे चुकला होता तिथे तो दुसरी नोकरी करत होता, आणि तीही चोख. तिने गढूळ बाटल्या वेगळ्या काढल्या, पदर खोचला आणि त्या धुण्याच्या मोरीकडे घेऊन निघाली.

"राहू दे, मुली धुतील उद्या," मंदाताई म्हणाल्या.

"माझ्या आहेत," सुहासिनी म्हणाली. "आधी उकळायच्या ना अजून?"

"आधी उकळायच्या."

शनिवार हा सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस होता. मुलं गेल्यावर प्राचार्यांनी तिला बोलावलं. शेफाली मॅडम तिच्याहून वयाने लहान, कामसू आणि भल्या होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं, स्वतः उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. विश्वस्तांची बैठक झाली होती. जूनपासून शाळेच्या तिन्ही शाखांच्या बस सुहासिनीकडे द्यायचं ठरत होतं. पद नवं, खोली वेगळी, हाताखाली माणसं. शेवटच्या सीटचा तो नियम आता सगळ्या शाखांना लावणार होते.

"खरं तर तो तुमच्या नावानेच ओळखला जातो," शेफाली मॅडम म्हणाल्या. "ड्रायव्हर म्हणतात, सातव मॅडमची फेरी झाली का."

सुहासिनीला हे माहीत नव्हतं. तिने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. तिला फार बरं वाटलं, आणि तिने ते वाटू दिलं. खिडकीबाहेर बस ओळीने उभ्या होत्या, धुतलेल्या, उन्हात चकाकत.

"नियम लावाच," ती म्हणाली. "रंगरावांना शिकवायला सांगा. ते पहिल्यांदा सगळ्यांना हसतील, पण शिकवतील नीट."

"ते बघूच. आणि वरदचं? अकरावीचं आपलं नेहमीसारखंच ना?"

"वरद अकरावीला इथेच असेल. त्याची फी त्याची बहीण भरणार आहे."

शेफाली मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"भरायची काय गरज? तुम्ही असताना माफच असते की."

"हो," सुहासिनी म्हणाली. "जूनपासून मी नसेन."